मागे नुसती उभी असलेली बाई

पडद्यांच्या दुकानात तिला सगळे शिडी म्हणायचे. उंचीच तशी होती. बाकीचे कारागीर स्टूल शोधत फिरायचे, तोवर ही टाचा उचलून दांडीत कड्या ओवून मोकळी व्हायची. हे नाव शिवणकाम करणाऱ्या मास्तरांनी ठेवलं होतं, आणि तिची त्याला हरकत नव्हती. लहानपणापासून बांबू, खांब, तार असं काय काय ऐकून झालं होतं. त्या मानाने शिडी ही निदान उपयोगाची वस्तू. बोलणं मात्र कमी. घुमी नव्हती ती, पण एखादी गोष्ट सांगायची तर आधी मनात घोळवायची, आणि तोवर समोरची माणसं पुढच्या विषयावर गेलेली असायची.

घरी ती, नवरा आणि सासूबाई. नवरा पावाच्या भट्टीवर कामाला होता. उजाडायच्या आत जायचा आणि दुपारी भुवयांवर पीठ घेऊन घरी येऊन डाराडूर झोपायचा. सासूबाईंनी सगळी नोकरी टेलिफोन केंद्रात केली होती, कानाला यंत्र लावून याचा नंबर त्याला जोडून देत. त्यामुळे घरातलं बोलण्याचं खातं त्यांच्याकडेच होतं. सून ऐकायची आणि दोघींचं त्यावर झकास चाललं होतं.

एकदा मास्तरांनी तिला एका मोठ्या घरी पाठवलं. सिनेमावाल्यांनी ते घर काही दिवस घेतलं होतं आणि त्यांना दिवाणखान्याला पातळ पांढरे पडदे हवे होते, जमिनीला टेकणारे. ती शेवटच्या खिडकीशी पडद्याच्या चुण्या सारख्या करत होती, तेवढ्यात कोणीतरी ओरडलं, "जिथे आहात तिथेच थांबा! हलू नका!" ते ओरडणं इतरांसाठी होतं, पण तिला वाटलं आपल्यालाच. ती थांबली. पडद्याच्या मागे, हात खाली सोडून. पलीकडे टेबलापाशी नायिका चहा पीत वर्तमानपत्र वाचत होती. बाहेर ऊन होतं, वारा पडद्यात शिरून तो हळूच फुगवायचा आणि पुन्हा सोडून द्यायचा. घर झोपेत श्वास घेतंय असं तिला वाटलं. तिचेही डोळे जड झाले होते.

घेतलेलं चित्र पाहायला सगळे कॅमेऱ्याशेजारच्या छोट्या पडद्याभोवती जमले आणि नायिका किंचाळली. "मागे कोण आहे ते? ती मागे... कोण आहे?"

चष्मेवाल्या तरुण दिग्दर्शकाचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्याने मान वळवून खिडकीकडे पाहिलं. ती तिथेच होती, कारण तिला अजून कोणी हला म्हणालं नव्हतं.

"ताई," तो हळूच म्हणाला, "तुम्ही उद्या याल?"

"पडद्यात काही चुकलं का?"

"नाही हो. उभं राहायला याल?"

अशी ती सिनेमात आली. तिला एक लांब करडा झगा दिला, केस मोकळे सोडले, चेहऱ्यावर थोडी सावली फासली, बस. संवाद नाहीत. मंडळी एकमेकांशी बोलत, भांडत, जेवत असायची आणि ती दूर कुठेतरी उभी असायची. जिन्याच्या वळणावर, शाळेच्या मैदानाच्या टोकाला, धुक्यातल्या बसथांब्यावर. बघणाऱ्याला आधी ती दिसायचीच नाही. मग दिसायची, आणि त्यानंतर दुसरं काही दिसायचं नाही.

दिग्दर्शकाला सुरुवातीला एवढ्यावर भरवसा नव्हता. त्याने एका प्रसंगात तिच्या हातात सुरा दिला आणि तिला नायिकेवर धावून जायला लावलं. ते चित्र पाहताना तिथलेच कामगार खो खो हसले. सुरा आला आणि भीती गेली. का गेली हे काही त्याला उमगेना. दुकानात परतल्यावर तिने मास्तरांना विचारलं.

मास्तर कात्री चालवता चालवता म्हणाले, "त्यात काय एवढं? गिऱ्हाईक येतं, कापड महाग म्हणून तणतणतं. तणतणू दे. त्याला काय हवंय ते आपल्याला कळलेलं असतं. आपण समजूत काढतो, नाहीतर वाटेला लावतो. पण एखादा येतो, काउंटरपाशी उभा राहतो आणि काही बोलतच नाही. मागत नाही, जातही नाही. मी खाली मान घालून काम करतो, पण त्याचं ते उभं राहणं माझ्या मानेवर येऊन बसतं. शिडे, तशा वेळी माझी कात्री वाकडी जाते बघ. इतकी वर्षं झाली तरी जाते."

तिने ते दिग्दर्शकाला सांगितलं आणि सुरा कायमचा पेटीत गेला.

पहिला सिनेमा लागला तेव्हा ती नवऱ्याला घेऊन दुपारच्या खेळाला गेली. आपण पडद्यावर कशा दिसतो याची तिला उत्सुकता होती, दुसरं काही नाही. अंधार झाला, गोष्ट सुरू झाली आणि थोड्याच वेळात तिच्या लक्षात आलं की थिएटरातलं कोणीच नायिकेकडे पाहत नाहीये. सगळ्यांच्या माना किंचित वाकड्या होत्या. जो तो कोपरे शोधत होता. दारामागे आहे का? आरशात आहे का? आणि मग जिन्याच्या वळणावर ती दिसली, तशी सगळ्या थिएटराने एकच श्वास आत घेतला. शेजारच्या खुर्चीतली अनोळखी बाई पुटपुटली, "काय असेल हो तिच्या मनात?"

शिडीला आठवलं. तो प्रसंग घेतला त्या दिवशी तिने घरी दोरीवर चादरी वाळत घातल्या होत्या आणि आभाळ भरून आलं होतं. चादरी भिजणार, एवढं एकच तिच्या मनात होतं. ती ते शेजारणीला सांगणारही होती. पण पडद्यावरच्या त्या उंच बाईकडे पाहता पाहता ती सांगायचंच विसरली. तो चेहरा रिकाम्या घरासारखा होता. कोणीही आत शिरून आपापली भीती मांडून बसावं असा. तिला चादरी आठवत होत्या, पण त्या चेहऱ्यावर त्या कुठेच दिसत नव्हत्या. मग तिथे काय होतं? नवऱ्याने अंधारात तिचा हात घट्ट धरला आणि तो कोणाला धीर देतोय, तिला की स्वतःला, ते काही तिला कळलं नाही.

बाहेर पडल्यावर तो म्हणाला, "अगं, जरा बोल काहीतरी."

"काय बोलू?"

"काहीही. पण बोलत राहा."

ती घरापर्यंत बोलत राहिली. पडद्यांच्या कड्या, गंजलेल्या दांड्या, मास्तरांचा खोकला. लग्नानंतर ती एका दमात इतकं कधी बोलली नव्हती.

असे बरेच सिनेमे झाले. आठवडाभर पडदे शिवायचे, मध्येच बोलावणं आलं की जाऊन उभं राहायचं. त्याच सुमारास सासूबाईंची नजर अधू होऊ लागली. आधी वर्तमानपत्रातली अक्षरं गेली, मग माणसांचे चेहरे धूसर झाले. पायरव आणि आवाज यांवर त्यांचं भागत होतं. आणि एका दुपारी त्या पलंगावर उठून बसल्या आणि म्हणाल्या, "कोण आलंय?"

"कोणी नाही, आई."

"कपाट आणि खिडकीच्या मध्ये कोण उभंय मग?"

तिथे कोणी नव्हतं. भिंत होती आणि भिंतीवर ऊन होतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. एक उंच बाई, करड्या कपड्यांतली, तोंड नीट दिसत नाही. येते, उभी राहते, केव्हातरी नाहीशी होते. सासूबाई चेष्टेने म्हणाल्या, "सूनबाई, बाहेरचं काम घरी आणत जाऊ नकोस." पण हसत हसत म्हणताना त्यांच्या हातातली पांघरुणाची कड चुरगळलेली होती.

नवऱ्याचं धाबं दणाणलं. त्याने कपाट हलवलं, दिवसासुद्धा दिवा लावला, भिंतीला उजळ रंग दिला. बाई हलली नाही. शेवटी तिघं डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेली. त्यांनी तपासलं आणि शांतपणे सांगितलं की डोक्यात काही बिघाड नाही. नजर कमी झाली की डोळ्यांकडून मेंदूला चित्रं जाईनाशी होतात, मग काही जणांचा मेंदू आपली आपण चित्रं काढत बसतो. पुष्कळांना होतं. वेड लागलं म्हणतील या धाकाने लोक बोलत नाहीत, इतकंच.

सासूबाईंना ते पटलं. पण पटणं वेगळं आणि त्या कोपऱ्याकडे पाठ करून झोपणं वेगळं. त्या जेवेनात, दुपार झाली की गप्प होत. बोलण्याचं खातं असं अचानक बंद पडल्यावर घर पाण्याखाली गेल्यासारखं झालं.

एका दुपारी शिडी कामावर गेली नाही. नवरा आत झोपला होता. खिडकीतून फिकट, दुधाळ ऊन येत होतं आणि त्यात धूळ सावकाश तरंगत होती. सासूबाईंची मान हळूच कोपऱ्याकडे वळली.

"आली?" सुनेने विचारलं.

"आली."

"आई, तिची एवढी भीती का वाटते तुम्हाला?"

सासूबाईंनी मान कोपऱ्यावरून वळवून घेतली. मग म्हणाल्या, "केंद्रात कधी कधी फोन यायचा. शिव्या देणारे यायचे, रडणारे यायचे, दारू पिऊन गाणारे यायचे. त्यांचं काही वाटायचं नाही. पण कधी लाइन उघडी असायची, पलीकडे कोणीतरी आहे हे कळायचं, आणि तो बोलायचा नाही. मी विचारायची, 'कोणता नंबर हवाय?' उत्तर नाही. माझे हात गार पडायचे गं. वाटायचं, याला नंबर नकोच आहे. याला मीच हवीये."

सून उठली. चार पावलं चालून कपाट आणि खिडकीच्या मध्ये गेली, भिंतीला पाठ लावली आणि हात खाली सोडून उभी राहिली. तिला ते काम येत होतं.

"आता?"

सासूबाईंनी डोळे बारीक केले. "आता... तू तिच्यातच उभी आहेस. तुझे खांदे आणि तिचे खांदे एकच झालेत."

"विचारा मग तिला."

"काय विचारू?"

"फोनवर विचारायचात तेच."

सासूबाईंनी घसा खाकरला. आणि मग कित्येक वर्षांनी त्यांचा तो नोकरीतला आवाज आला, स्वच्छ, नम्र, थोडा गाण्यासारखा. "बोला, कोण हवंय आपल्याला?"

शिडीने नेहमीसारखं मनात घोळवायला घेतलं. सिनेमात इतकी वर्षं उभं राहून तिला कोणी हे विचारलं नव्हतं. मग जे होतं तेच तिने सांगितलं.

"कोणी नको. पाय दुखतायत फक्त. इथे उभी राहा म्हणाले म्हणून राहिले. आता जा असं कोणी म्हणतच नाही."

सासूबाई हसल्या. आधी नाकातून, मग पोट धरून.

"अगं मग बस की, बाई! पाय दुखतायत तर खुर्ची घे! एवढी वर्षं मी जीव मुठीत धरून बसलेय आणि हिचे पाय दुखतायत!"

वर्षं झाली नव्हती, महिनेच झाले होते, पण सुनेने ते दुरुस्त केलं नाही. तिने स्वयंपाकघरातली खुर्ची आणून कोपऱ्यात ठेवली.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी जाहीर केलं की ती बसली आहे. मग रोज तिची खबर येऊ लागली. आज पाय हलवत होती. आज अवघडून बसली होती, बहुतेक पाठ धरलीये. सासूबाई तिला दुपारभर जुन्या गोष्टी सांगत. ती उत्तर देत नसे, पण आता ते न बोलणं ऐकणाऱ्याचं होतं. नवरा एकदा झोपेतून उठून आला, आईला रिकाम्या खुर्चीशी गप्पा मारताना त्याने पाहिलं आणि बायकोकडे बघितलं. तिने ओठांवर बोट ठेवलं. तो मुकाट्याने चहा टाकायला गेला.

शिडीने हा सगळा प्रकार दिग्दर्शकाला मोठ्या आनंदाने सांगितला. म्हणाली, "बसवा तिला एकदा. लोकांची भीती जाईल." त्याने पुढच्या सिनेमात खरंच तिला एका बैठकीच्या खोलीत, मागच्या खुर्चीवर बसवलं. तो प्रसंग आला की लोक थिएटरातून उठून बाहेर जाऊ लागले, इतका तो भयंकर झाला. दिग्दर्शक म्हणाला, "ताई, उभं असलेलं माणूस निदान जाऊ शकतं. बसलेलं राहायला आलेलं असतं." ती यावर खूप दिवस विचार करत राहिली. तिच्या घरात ती बाई राहायला आली होती म्हणूनच तर आई जेवायला लागल्या होत्या.

पुढे सासूबाईंची नजर पूर्ण गेली. त्यानंतर थोड्याच दिवसांत एका दुपारी चादरीच्या घड्या करता करता त्या थांबल्या.

"सूनबाई, ती गेली वाटतं."

"कधी?"

"कोणास ठाऊक. मी बोलत होते आणि कळलं की पलीकडे कोणी नाही." त्यांचा आवाज जरा ओला झाला. "निघते म्हणाली असती तर काय बिघडलं असतं?"

शिडीने हातातलं चादरीचं टोक त्यांच्या हातात दिलं आणि पलंगावर त्यांना अगदी चिकटून बसली, खांद्याला खांदा लागेल इतकी. बाहेर कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. तिने मनात न घोळवता बोलायला सुरुवात केली. काल दुकानात कोण आलं होतं, काय म्हणालं, मास्तर त्याच्यावर कसे करवादले. सासूबाई मान तिच्याकडे करून ऐकू लागल्या, आणि मध्येच म्हणाल्या, "थांब थांब, हे पहिल्यापासून सांग."