वेनची गाणी माझ्या वहीत राहिली तेवढीच

वेन आज सकाळी गेला.

त्याच्याबरोबर त्याची निदान तीस गाणी गेली. ती आता जगात कोणालाच येत नाहीत.

आणि यात माझी चूक आहे.

वेन आमचा शेजारी. ट्रॉय शहरातल्या अपार्टमेंटमध्ये आमच्या खालीच राहायचा. वय अडुसष्ट, मूळचा केंटकीचा. तीस वर्षं गाड्यांच्या सीट्स बनवणाऱ्या फॅक्टरीत काम केलं, आणि वीकेंडला बारमध्ये, चर्चच्या हॉलमध्ये गिटार घेऊन स्वतःची कंट्री गाणी गायला. तरुणपणी दोन वर्षं नॅशव्हिलला, कंट्री गाण्यांच्या माहेरी, होता. तिथे दुसऱ्यांच्या मागे वाजवलं. त्याची गाणी कोणी घेतली नाहीत.

एवढ्या मोठ्या माणसाला एकेरी लिहितेय, कारण पहिल्याच भेटीत त्याने सांगितलं होतं, मिस्टर वगैरे नको, नुसतं वेन.

मी २००६ मध्ये लग्न करून इथे आले. एच-फोर व्हिसा, जॉब करायला परवानगी नाही, ड्रायव्हिंग येत नाही. प्रसाद ऑफिसला गेला की घरात मी आणि भिंती.

एका दुपारी खालून गिटार ऐकू आली. तार अशी ओढायचा की स्वर हुंदका दिल्यासारखा वर जायचा. मी खाली जाऊन दार वाजवलं आणि सांगितलं, आमच्या गाण्यात याला मींड म्हणतात. त्याने तो शब्द चार वेळा म्हणून बघितला. मग कॉफी केली.

गाणी साधी असायची. बंद पडलेली खाण. बायको गेल्यावर खुंटीवरच राहिलेला तिचा कोट.

तो गायला लागला की मला नागपूर आठवून रडू यायचं. तो काही विचारायचा नाही. पुढचं कडवं घ्यायचा.

गेल्या वर्षी पहिला स्ट्रोक आला. डाव्या हाताची बोटं गेली.

गिटारवाल्याची डावी बोटं.

त्याच्या गाण्यांच्या जुन्या कॅसेट्स बेसमेंटमध्ये पाणी शिरलं तेव्हाच खराब झाल्या होत्या. नोटेशन त्याला कधीच आलं नाही. सगळं डोक्यात. मग तो गुणगुणायचा आणि मी सारेगममध्ये लिहून घ्यायचे. शब्दही देवनागरीतच, म्हणजे त्याचे उच्चार तसेच्या तसे पकडता यायचे.

रेकॉर्ड करू का, मी विचारलं होतं. स्ट्रोकनंतर त्याची जीभ जड झाली होती.

"हा आवाज मला मागे ठेवायचा नाही," तो म्हणाला. "तू लिही."

मी ऐकलं. चोरून करायला हवं होतं यार.

नऊ गाणी झाली. मग भावाचं लग्न आलं, पाच आठवड्यांचं तिकीट काढलं. वेन म्हणाला, जायच्या आधी अजून थोडी करू. मी बॅगा भरत होते.

"परत आल्यावर करू ना. तू कुठे जातोयस?"

हे मी त्याला म्हणाले. मी.

परत आले तर तो नर्सिंग होममध्ये. दुसरा स्ट्रोक. वाचा गेलेली, डोळ्यांत सगळं शाबूत.

रोज प्रसादला तिथे सोडायला लावलं. मी एकेक सूर गाऊन विचारायचे, हा? की हा? बरोबर असला की तो माझं बोट दाबायचा. चार दिवसांत दहाव्या गाण्याची एक ओळ झाली. नुसती चाल. शब्द नाहीत.

पाचव्या दिवशी मी एबीसीडीचा तक्ता करून नेला. त्याचं बोट अक्षरावर ठरेना. मी म्हणत राहिले, प्लीज वेन, एक शब्द, फक्त एक. माझा आवाज चढला. मी त्या माणसावर ओरडले. त्याने तोंड भिंतीकडे फिरवलं. त्याच्या गालावरून पाणी ओघळत होतं. नर्सने मला बाहेर नेलं.

दुसऱ्या दिवशी मी सॉरी म्हणाले. त्याने बोट दाबलं नाही. झोपेत होता, असं मी धरून चालले आहे.

आज त्याच्या मुलीचा, लिंडाचा फोन आला. फ्युनरलला डॅडचं एखादं गाणं हवं होतं, पण आम्हाला कोणालाच पूर्ण येत नाही, म्हणाली. मी वहीबद्दल सांगितलं. तिने हळूच विचारलं, तू म्हणशील?

शनिवारी सकाळी म्हणणार आहे. ट्रॉय-नोव्हाय भागात कोणाला गिटार येत असेल तर प्लीज मेसेज करा. सूर मी देईन.

वेन, माझे उच्चार चुकतील. सांभाळून घे.

तुला शेवटचा नमस्कार.