बांडी आणि हर्णैचा समुद्र

आमच्या घरात हर्णैला जायचं ठरलं ते दिवाळीच्या फराळावर, आणि शिमगा होऊन गेला तरी ते नुसतं ठरलेलंच होतं. ठरवण्यात आमची माणसं फार हुशार. वडगाव निंबाळकरात चार पुरुष एका ओट्यावर बसले की गप्पांत काश्मीरपर्यंत जाऊन येतात. आम्हाला हाक येते ती फक्त चहाचे कप उचलायला.

विषय काढला होता आत्यांनी. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांचं माहेर पळसदेव, उजनी धरणाच्या काठावर. धरणाचं पाणी चढत आलं तेव्हा त्या परकरी पोर होत्या, त्यांचं जुनं घर त्या पाण्याखाली आहे. दिवाळीत टीव्हीवर हर्णैचा किनारा दाखवत होते, होड्या, मासळीचा बाजार, उघड्या अंगानं निवांत बसलेली माणसं. आत्यांनी हातातली चकली ताटलीत ठेवली आणि म्हणाल्या, "माझं गुडघं चालत्यात तवर एकदा समुद्र बघायचा हाय मला."

"आगं, उजनी काय कमी हाय व्हय?" आमचे मालक म्हणाले. मालक म्हणजे माझा नवरा. "तुझ्या माहेरी पाणीच पाणी हाय की."

"ते अडिवलेलं पाणी," आत्या म्हणाल्या. "पलीकडचा काठ दिसतो त्याला. मला काठ नसल्यालं पाणी बघायचंय."

आत्या कधी काही मागत नाहीत. मग तात्यांनी, म्हणजे सासऱ्यांनी, मिशीवरचा लाडवाचा चुरा झटकला आणि जाहीर केलं, "जाऊ की. त्यात काय!"

त्या 'त्यात काय'चे पुढं पाच महिने झाले.

खरं सांगायचं तर समुद्र मीही पाहिला नव्हता. निमगाव केतकीची मी. शाळेची सहल गेली तेव्हा मला गोवर निघाला होता. लग्नानंतर एकदा मुंबईला गेले ती चुलत्यांच्या ऑपरेशनला. खिडकीतून समुद्र दिसतो म्हणाले, दिसली ती शेजारच्या इमारतीची पाण्याची टाकी. पण मला कुणी विचारलं नाही, आणि मीही तोंड उघडलं नाही. आत्या जातील तर आपणही जाऊच, एवढं मनात धरून बसले.

मालकांनी दुसऱ्याच दिवशी मोबाईलवर 'चला कोकण' नावाचा ग्रुप काढला. त्यात ते, मी आणि तात्या. एकाच घरातली तीन माणसं, एकाच भिंतीला पाठ लावून, एकमेकांना नारळाच्या झाडांचे फोटो पाठवायला लागली. आत्यांकडं साधा बटणाचा फोन, म्हणून त्या ग्रुपमध्ये नव्हत्या. जिच्यासाठी चाललोय तीच बाहेर, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. माझ्याही आलं नाही, उगाच कशाला खोटं बोलू?

मग तात्यांच्या अटी सुरू झाल्या. आधी ऊस कारखान्याला जाऊ दे. ऊस गेला. मग पाटाच्या पाण्याची पाळी होऊ दे. पाळीही झाली. मग भावकीत तीन लग्नं निघाली, आणि लग्नात तात्या नसले तर जणू अक्षता खालीच पडणार नव्हत्या. तीही उरकली. तेव्हा तात्यांना आठवलं की आपण माळकरी आहोत. "तितं समदीकडं मासळीच. वास आला म्हंजे?" घ्या! मासेमारीचं गाव बघायला निघालेला माणूस मासळीचा वास येईल म्हणून अडून बसतो. शेवटी ठरलं की दशम्या, ठेचा आणि शेंगाची चटणी घरून न्यायची आणि बाजाराच्या जागी तात्यांनी गाडीच्या काचा वर करून बसायचं.

मालकांचं आणखीच निराळं. गावच्या विकास सोसायटीच्या कमिटीवर असल्यानं त्यांना प्रत्येक गोष्टीचा ठराव लागतो. कोकणात जाऊन आलेला जो भेटेल त्याला ते थांबवून विचारत. एक म्हणे तिथं भाकरी मिळत नाही, दुसरा म्हणे घाटात गाडी तापते, तिसरा म्हणे त्यापेक्षा महाबळेश्वरला जा. हे सगळं ऐकून मालकांनी एक दिवस योजना मांडली: पहाटेची धार काढून निघायचं, समुद्र बघायचा आणि संध्याकाळच्या धारेला परत यायचं.

"जायला सात तास लागत्यात," मी म्हटलं.

"मग?"

"मग समुद्राला नुसतं तोंड दाखवून वळायचं का? त्यापेक्षा फोनवर कळवू की त्याला, आमी येणार हुतो म्हणून."

तात्या हसले, मालक रुसले, आणि एक रात्र मुक्काम करायचा हे एकदाचं नक्की झालं.

खरी अडचण तेव्हा पुढं आली. आमच्या गोठ्यात सात गाई. सहा जणी मशीनला धार देतात आणि शेजारचे भाऊजी दोन दिवस तेवढं सांभाळायला तयार होते. सातवी बांडी. काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची, दुधाला सगळ्यांत सरस आणि स्वभावानं आमच्या तात्यांसारखी. तिची आई वेताला मेली, तेव्हा आत्यांनी तिला बाटलीनं दूध पाजून वाढवलं. मशीन लावलं की ती लाथेनं उडवते. हातानं काढावं तर आत्यांशिवाय कुणाला कासेला हात लावू देत नाही. आणि दोन दिवस धार राहिली तर कासेला दगडी होऊन, म्हणजे कास सुजून घट्ट होऊन, गाय कामातून जायची.

म्हणजे जिला समुद्र बघायचा तिलाच बांडीनं खुंट्याला बांधून ठेवलं होतं. आत्या लगेच म्हणाल्या, "तुमी जावा. माझं काय एवढं?"

ह्यावर आमच्याकडं एक जुना उपाय आहे, गोठ्यातल्या कुठल्याही बाईला विचारा. जिची सवय असेल तिचं रोजचं लुगडं दुसऱ्यानं नेसायचं, न धुतलेलं. गाय वास घेते, फसते आणि पान्हा सोडते. मी तो उपाय मालकांना सुचवला. म्हटलं, "तुमी आत्यांचं लुगडं नेसून बांडीची धार काढा. म्हंजे तुमी हितं थांबा, आन् आमी तिघं जातो."

मालकांचा चेहरा बघण्यासारखा झाला. "मी? लुगडं? उद्या कुणी फोटू काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकला म्हंजे?"

"आईसाठी चाललंय ना सगळं?"

"आईसाठी काय पण करीन," ते म्हणाले, "पण हे सोडून."

तात्यांनी तर विषय त्यांच्यापर्यंत येण्याआधीच खोकायला सुरुवात केली. ज्या पुरुषांनी पाच महिने आईच्या नावानं नकाशे काढले, ते नऊ वार कापडापुढं असे ढेपाळले. मला इतका संताप आला की म्हटलं, जाऊ दे, मीच नेसते.

दुसऱ्या दिवशी पहाटे आत्यांचं गोठ्यातलं हिरवं लुगडं नेसले. सहावारीची सवय, काष्टा तीनदा सुटला. मी सगळ्यांना लांब थांबायला सांगितलं, गाय बुजेल म्हणून. आत्या आत चहाचं आधण ठेवत होत्या. मी बादली घेऊन बांडीजवळ बसले. तिनं मान वळवून माझ्या खांद्याचा वास घेतला, फुस्स केलं, आणि रवंथ करायला लागली. मी भीतभीत सडाला हात लावला. आणि काय सांगू, तिनं पान्हा सोडला! चुर्र चुर्र बादली भरत चालली. मी अगदी शेवटपर्यंत, कास मऊ पडेस्तोवर धार काढली. इतका आनंद झाला मला.

तो आनंद बादलीवर फेस धरेपर्यंतच टिकला. मग डोक्यात आलं, अगं बाई, म्हणजे आता थांबायचं कुणी? ज्या घरात लुगडं नेसायला पुरुष मिळत नाही, तिथं ते नेसता आलेली बाई सुटते होय? आत्या जातील, मालक जातील, तात्या काचा वर करून जातील, आणि मी इथं. गोवराच्या वेळी राहिले तशी.

मी बादलीकडं बघितलं, आणि पायानं ती कलंडली.

मग ओरडले, "अगं आई गं! लाथ मारली!"

आत्या धावत आल्या. दूध शेणात पसरलेलं, मांजर ते चाटायला टपलेलं. आत्यांनी आधी मला कुठं लागलंय का ते चाचपून बघितलं. मग बांडीच्या कासेखाली हात घातला. क्षणभर तसाच ठेवला. उठल्या आणि हात पदराला पुसत म्हणाल्या, "न्हाय देत ती दुसऱ्याला. तुमी जाऊन या."

आम्ही गेलो.

हर्णैचं काय सांगू? मालक पूर्ण वेळ समुद्राकडं पाठ करून स्वतःचे फोटो काढत होते. तात्या काचा खाली करून वाळूत उतरले, बराच वेळ कमरेवर हात ठेवून उभे राहिले आणि म्हणाले, "एवढं पाणी, आन् एका एकराला उपेग न्हाय." मासळीच्या लिलावात कोळणी अशा काही ओरडत होत्या की आमची सोसायटीची सभा त्यापुढं मुक्यांची वाटावी. मालकांनी दोनदा सुरमई खाल्ली आणि दोन्ही वेळा तात्यांना शपथेवर सांगितलं की बटाटा होता.

मी पाण्यात पाऊल घातलं आणि समोर बघितलं. पलीकडं काठ नव्हता. कितीही डोळे ताणले तरी नव्हता. सकाळपासून मी सगळ्यांची टर उडवत आले होते, घाटाची, तात्यांच्या दशम्यांची, मालकांच्या काळ्या चष्म्याची. तिथं उभी राहिले आणि एकही टोमणा सुचेना. लाज वाटली मला. अशी लाज की लाटेबरोबर पायाखालची वाळू सरकली तेव्हा मी रडले, आणि मालकांना वाटलं बायकोला समुद्र फारच आवडला.

घरी आलो तेव्हा आत्या गोठ्यातच होत्या. त्यांनी एकच विचारलं, "काठ दिसला का गं?"

"न्हाय दिसला, आत्या."

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "मला वाटलं लोकं उगंच सांगत्यात."

त्या रात्री जेवताना मी सांगून टाकलं: पुढच्या शनिवारी मालकांनी आत्यांना हर्णैला न्यायचं. मी थांबणार.

"आन् बांडी?" मालकांनी विचारलं. पुन्हा सुरमई मिळेल हे त्यांना आठवलं असणार, नाहीतर जायलाच नाही म्हणाले असते.

"बांडीचं मी बघते."

"लाथ मारती की ती!"

"मारू दे. मला मारंल, तुमाला न्हाय."

आत्या भाकरी मोडत होत्या. त्यांनी वर बघितलं नाही. मला वाटलं, नाही म्हणतील. पण शनिवारी पहाटे उठून बघते तर त्या नवं जांभळं लुगडं नेसून तयार, पिशवीत दोन दिवसांची औषधं, पायात माझ्या नणंदेनं आणलेले बूट. जुनं हिरवं लुगडं गोठ्याच्या खुंटीवर अडकवलेलं. "धुतलं न्हाय मी," एवढंच म्हणाल्या आणि गाडीत जाऊन बसल्या. तात्या म्हणाले, एकदा बघितला, परत काय बघायचं त्यात.

पहाटेची धार बांडीनं दिली. मुकाट्यानं दिली.

संध्याकाळी मी पुन्हा ते लुगडं नेसून तिच्यापाशी बसले होते. बादली भरत आली होती तेवढ्यात मालकांचा फोन आला. तो खांद्यावर मानेनं धरला. पलीकडून नुसता लाटांचा आवाज. मग मालक कुणाला तरी सांगत होते, हितं बोल, हितं, कानाला लाव. मग आत्यांचा श्वास ऐकू आला, धाप लागल्यासारखा.

"आगं," त्या म्हणाल्या, "खरंच काठ न्हाय की गं ह्याला."

मी नुसतं हूं म्हटलं.

लाट येत होती, जात होती. तेवढ्यात त्यांनी विचारलं, "धार झाली का?"

"झाली, आत्या. बादली भरली."

"भरली व्हय? बरं," आत्या म्हणाल्या. "ह्या खेपंला सांडू नगंस."