तळाचं डिझेल

आमच्या मोठ्या दिरांना, म्हणजे नानांना, कळत नाही अशी गोष्ट अजून जन्माला यायची आहे. पाण्याची मोटार बंद पडली की ते तिच्यावर तळहात ठेवून डोळे मिटतात, पोराचा ताप बघावा तसे. मग निकाल सांगतात. निकाल चुकला तर चूक मोटारीची, नाहीतर वायरमनची. सगळं गाव त्यांना विचारायला येतं आणि नुकसान करून घेऊन परत जातं, तरी पुन्हा येतं. गावाचीही मला कीव येत नाही.

आमचं गाव पारोळ्याच्या अलीकडे, जळगाव-धुळे रस्त्यापासून जरा आत. मी सकाळच्या शाळेत विज्ञान शिकवते. आमचे हे सुरतेला नोकरीला असतात, दिवाळीला येतात आणि नानांच्या पाया पडून परत जातात. माझे वडील धुळ्याला देवपुरात एकटेच राहतात. त्यांची किडनी गेली, आठवड्यातून दोनदा डायलिसिस. मला भाऊ नाही. शाळा सुटली की मी आमची जुनी डिझेल गाडी काढायची, वडिलांना दवाखान्यात न्यायची, चार तास बाहेर बाकावर बसायची आणि त्यांना घरी सोडून परतायची. डायलिसिस झालं की माणसाच्या अंगात उभं राहायचं बळ नसतं. त्यामुळे ती गाडी म्हणजे माझी हौस नव्हती. घरात मात्र ती हौसच समजली जायची.

उन्हाळ्याच्या तोंडाला गाडी थरथरायला लागली. सिग्नलला उभी केली की स्टिअरिंग हातात कापायचं, सीट हलायची, आरशातलं मागचं जग पुसट दिसायचं. रस्त्यावर जोर लागेना. उड्डाणपूल चढताना तिसऱ्या गिअरवर आणावी लागायची आणि मागून कापसाचे ट्रक हॉर्न देत पुढे जायचे. मी नानांना सांगितलं, कारण आमच्या घरात गाडीला गॅरेजमध्ये न्यायचं तर नानांना सांगावं लागतं. गाडी आमच्या ह्यांच्या नावावर आहे, हप्ते माझ्या पगारातून गेले, पण निर्णय नानांचा. आमच्यात असंच असतं, म्हणे.

नानांनी बॉनेटवर तळहात ठेवला. डोळे मिटले. म्हणाले, "चाकं शेत." म्हणजे दोष चाकांचा. चाकांचं बॅलन्सिंग झालं. थरथर तशीच. मग त्यांनी कुणाचा तरी व्हिडिओ बघितला आणि इंजिनाखालची रबरं बदलून आणली. दोन दिवस त्यांना ती कमी झाल्यासारखी वाटली. मला वाटली नाही, पण मला कोण विचारतं? तिसऱ्या खेपेला त्यांनी असा निकाल दिला की त्यावर अपीलच नाही.

"बाया क्लचवर पाय ठीसनच गाडी चालाडतस," ते ओट्यावर जमलेल्यांना म्हणाले. "क्लच प्लेट जयी गयी."

सगळ्यांनी माना डोलावल्या. त्यातल्या निम्म्यांनी आयुष्यात बैलगाडीपलीकडे काही हाकलेलं नाही. मी म्हटलं, "नाना, गाडी उभी असते, न्यूट्रलला असते, पाय क्लचवर नसतो, तेव्हाच ती जास्त थरथरते. मग क्लच कसा?" नानांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू भिंतीतून आवाज आला. क्लच प्लेट बदलली. थरथर आपली जागच्या जागी. तेव्हा नानांनी दोन्ही किल्ल्या स्वतःच्या बंडीच्या खिशात टाकल्या. "गाडी उभी राहू दे. एसटी शे ना."

एसटी आहे, कोण नाही म्हणतं? पण वडिलांना देवपुरातून दवाखान्यात एसटी नेत नाही. मी शाळा संपवून बसने धुळ्याला पोचेपर्यंत त्यांची वेळ निघून जायची. ते रिक्षाने एकटे गेले, एकटेच आले. एकदा जिना चढताना मध्येच पायरीवर बसून राहिले, शेजारीण भाजी घेऊन येईपर्यंत. फोनवर मला म्हणाले, "मजेत आहे." मला त्यांचा राग आला आणि त्याहून जास्त नानांच्या त्या खिशाचा.

मी आमच्या ह्यांच्याशी फोनवर इतकं भांडले की शेवटी त्यांनी नानांना विनंती केली. विनंती! मग नाना गाडी स्वतः चालवत पारोळ्याच्या गॅरेजमध्ये घेऊन गेले. मी मागच्या सीटवर. हीच गाडी मी पाच वर्षं चालवली, पण मेकॅनिक धावत आला तो नानांकडे. "बोला नाना, काय त्रास देते?" धुळ्याचा रस्ता या गाडीने कधी न बघितलेला माणूस तिचा त्रास सांगू लागला आणि तो लोचट मेकॅनिक 'बरोबर, बरोबर' करत राहिला. क्लच यानेच बदलला होता. क्लचचा दोष नाही हे त्याला त्या दिवशीही ठाऊक असणार. पण गिऱ्हाईक क्लच म्हणतंय ना, मग क्लच.

मी खाली उतरून मध्ये उभी राहिले. "चार सिलिंडर आहेत, प्रत्येकात डिझेल सोडणारा एकेक इंजेक्टर. इंजिन चालू ठेवून एकेका इंजेक्टरची वायर काढा. काढल्यावर गाडी आणखी बिघडली तर तो काम करतोय. फरक पडला नाही तर तो आधीच मेलाय. चार बल्बांतला गेलेला शोधायला पोरंसुद्धा असंच करतात."

मेकॅनिकने नानांकडे बघितलं. नानांनी मान हलवली, परवानगी दिल्यासारखी. पहिली वायर काढली, गाडी धडधडली. दुसरी काढली, बंद पडायला आली. तिसरी काढली आणि काहीच झालं नाही. गाडी जशी थरथरत होती तशीच थरथरत राहिली. "तिसरा गेलाय," मेकॅनिक नानांना म्हणाला, शोध त्याने लावल्यासारखा. मी त्याला डिझेलचा फिल्टरही उघडायला लावला. आतलं त्याने थंड पेयाच्या रिकाम्या बाटलीत ओतलं. वर डिझेल, खाली चांगलं दोन बोटं गढूळ पाणी, त्यात गंजाचा गाळ. पाण्याने इंजेक्टर खाल्ला होता आणि फिल्टर गच्च केला होता. गाडी कापणार नाही तर काय नाचणार?

दुसऱ्या दिवशी ती बाटली आमच्या ओट्यावर आली. नाना ती उन्हात धरून लोकांना दाखवत होते. "मी पहिलेच सांगं व्हतं, डिझेलमाच खोट शे. पंपवाला बठ्ठा चोर!"

आता यातली गंमत अशी की त्या गाडीने कित्येक महिन्यांत पंप बघितलाच नव्हता. आमच्या घरात वर्षाचे गहू, वर्षाची तूरडाळ, वर्षाचं तिखट भरतात, आणि तसंच ट्रॅक्टरसाठी डिझेलही ड्रमने भरून ठेवतात. घरात ड्रम असताना पंपावर रांगेत उभं राहणं नानांना कमीपणाचं वाटतं. ड्रम शेतातल्या शेडमध्ये, ठिबकच्या फिल्टरशेजारी. बूच कधीच हरवलंय, तोंडावर एक पत्र्याचा डबा पालथा घातलेला. ठिबकचा फिल्टर धुताना पाणी सगळीकडे उडतं. मी हे तिथेच सगळ्यांसमोर बोलले.

"मंग ट्रॅक्टर कसा चालस?" नाना म्हणाले. "तो बी त्याच ड्रमवर शे ना?"

ओटा हसला. तेव्हा बैलांना पाणी दाखवून आलेला आमचा सालदार मदत करायला म्हणून भाबडेपणाने बोलला, "ट्रॅक्टरले वरनं डिझेल टाकतस ना नाना. तुम्हीच सांगं व्हतं, तळनं ट्रॅक्टरमा टाकू नको, वहिनीनी गाडीमा टाकी दे."

मी नानांना विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

एवढी वर्षं मी या माणसाला मूर्ख समजत होते, आणि मूर्ख माणसाला मनातल्या मनात हसून दिवस काढता येतात. नाना जरासुद्धा ओशाळले नाहीत. शेताचा साधा नियम सांगावा तसे म्हणाले, "ट्रॅक्टर पोट भरस आपलं. गाडीनं काय? ती तं तुना बापकडेच जास."

आमच्या जाऊबाई दारात होत्या, त्या आत गेल्या. मी नानांच्या समोर हात पसरला आणि तो खाली घेतला नाही. लोक बघत होते म्हणून असेल, त्यांनी बंडीतून उरलेली किल्ली काढली, एक गॅरेजमध्ये होती. माझ्या हातात दिली नाही, ओट्यावर ठेवली. मी उचलली. इंजेक्टर बदलून झाला तेव्हा गाडी आणायला मी एकटी गेले, आणि टाकी पूर्ण रिकामी करून घेतली.

संध्याकाळी आमच्या ह्यांना सगळं शब्दन् शब्द सांगितलं. ते म्हणाले, "नानांच्या मनात तसं नसतं गं. आणि बघ, ट्रॅक्टर बंद पडला असता तर शेती अडली असती. तसं त्यांचं चुकलं नाही."

मी फोन ठेवला. मग वडिलांना लावला आणि सांगितलं, उद्या रिक्षा बोलावू नका.