घरी नेऊन वाचतो

सकाळचे सव्वासात. स्वयंपाकघरातल्या टेबलाच्या एका टोकाला चहाचे दोन कप, दुसऱ्या टोकाला जळालेल्या पंख्याची मोटर, आणि मधल्या खुर्चीवर भिंगरी, वेणी घालून घेत बसलेली. तिची आई दवाखान्यात रक्ततपासणीच्या विभागात होती आणि तिची ड्यूटी सातला सुरू व्हायची, म्हणून शाळेच्या दिवशी वेणी बापाच्या वाट्याला. तो घालायचाही सुबक. केसाएवढी बारीक तांब्याची तार ज्यानं वीस वर्षं गुंडाळली, त्याला केसांची कसली पंचाईत? जळालेल्या मोटरींची वाइंडिंग नव्यानं भरून द्यायचा त्याचा धंदा, त्यामुळे अख्खा बाजार त्याला वाइंडरच म्हणायचा.

"बाबा, ओढू नकोस ना."

"ढिली घातली तर दुपारपर्यंत झिपरी होशील. गप बस."

"या मोटरला तारेच्या आठ गुंड्या. एकेकीला किती वेढे?"

"चारशे वीस."

"म्हणजे तीन हजार तीनशे साठ," भिंगरी म्हणाली आणि बिस्कीट चहात बुडवलं. ती दहा वर्षांची होती. त्याच बिस्किटाच्या पुड्यावरचं नाव वाचायला सांगितलं असतं, तर तिचा चहा गार झाला असता.

तेवढ्यात दारावर टकटक झाली.

दारात शाळेतल्या मदतवर्गाच्या बाई उभ्या होत्या, एका हातात हेल्मेट, दुसऱ्या हातात कागद. वाचनात अडखळणाऱ्या मुलांना त्या वेगळं बसवून शिकवायच्या. शाळेत जाता जाता वाट वाकडी करून आल्या होत्या.

"माफ करा हं, सकाळी सकाळी आले. आज शेवटची तारीख, आणि तुमचा फोन काही लागेना. भिंगरीच्या तपासणीचा अहवाल आलाय. गणितात ती तिच्या वयाच्या चार वर्षं पुढे आहे आणि वाचनात दोन वर्षं मागे. दोन्ही खरं आहे. घाबरण्यासारखं काही नाही, पण मदतवर्गासाठी तुमची संमती लागते. वाचून घ्या आणि खाली सही करा."

वाइंडरनं कागद हातात घेतला. आता पंचाईत अशी होती, की आयुष्यभर त्याला तारून नेणारं एकच वाक्य होतं : 'ठेवून जा, घरी नेऊन वाचतो.' बँकेत, वीजकचेरीत, मोटरींच्या कंपनीचा माणूस करारपत्र घेऊन यायचा तेव्हा, सगळीकडे ते खपून जायचं. उलट लोक म्हणायचे, माणूस मोठा काटेकोर. घरी नेलेला कागद संध्याकाळी बायकोच्या हातात जायचा आणि ती वाचता वाचता बोलायची, त्यातून त्याला सगळं कळायचं. पण आज तो घरातच उभा होता, आणि घरातलं वाचणारं माणूस सातलाच कामावर गेलं होतं.

शिकलेल्या माणसाला एवढा कागद वाचायला किती वेळ लागतो, याचा त्याला पक्का अंदाज होता. तेवढा वेळ त्यानं ओळींवरून नजर फिरवली, मधे एकदा मान हलवली, आणि सही ठोकली. बाईंनी एक प्रत त्याला दिली आणि स्कूटर सुरू केली.

त्याला अजिबात वाचता येत नव्हतं असं नाही. मोटरीवरचे आकडे, दुकानांच्या पाट्या, बसचे नंबर एवढं चालून जायचं. पण दाट मजकूर समोर आला की अक्षरं जागा सोडायची. पहिल्या ओळीतलं जोडाक्षर फोडेपर्यंत दुसरी ओळ वर सरकलेली असायची. शाळेत मास्तर त्याला उभं करून धडा वाचायला लावायचे आणि वर्ग खिदळायचा. 'ढ' हे त्याचं नाव नव्हतं, पण हजेरीतल्या नावापेक्षा त्याच नावानं त्याला जास्त हाका आल्या. तेराव्या वर्षी मामानं त्याला आपल्या वर्कशॉपमध्ये आणून बसवलं. तिथं महिनाभरात तो जळकी गुंडी उलगडताना वेढे मनात मोजू लागला, आणि तारेची जाडी अंगठ्यानं सांगू लागला. मामा म्हणाला, "या पोराला ढ म्हणणाऱ्याला एकदा माझ्याकडे पाठवा रे कोणीतरी." पण तोवर शाळा सुटली होती. बायकोला लग्नानंतर त्यानं सांगितलं, की माझं अक्षर फार वाईट आहे. तिची समजूत, की माणूस लिहायला आळशी. दुकानाची वही ती रोज त्याच्या तोंडून ऐकून लिहायची आणि टोमणे मारायची, "साहेब बोलणार, कारकून लिहिणार."

संध्याकाळी पाचला तिनं पर्स टेबलावर ठेवली, कागद उचलला आणि उभ्या उभ्याच वाचला.

"अहो, हे वाचलंत तुम्ही?"

"वाचलं की."

"नीट वाचलंत?" तिनं ओळीवर बोट ठेवून वाचून दाखवलं, "मदतवर्ग आणि विशेष गणितगट यांची वेळ एकच असल्यामुळे, पाल्याचा गणितगटातील प्रवेश सोडण्यास माझी संमती आहे."

वर्षभर भिंगरी ज्या गटासाठी शाळेत उड्या मारत जायची, तो वाइंडरनं स्वतःच्या हातानं सोडून दिला होता. खरं सांगायची हीच वेळ होती. पण तोंडून निघालं भलतंच.

"मला वाटलं, वाचनाची मदत जास्त गरजेची आहे."

"तुम्हाला वाटलं? मला विचारायचं तरी. आणि हे काय, 'अध्ययन अक्षमता'? हुशार म्हणून नाव लागलं होतं, तेवढं पुरे होतं. आता तिच्या कागदावर हा शिक्का जन्मभर राहणार. उद्या कोणी गणित बघणार नाही, शिक्काच बघतील."

"पण पुस्तक उघडलं की रडते ती."

"सराव केला की येईल. सगळ्यांना येतं."

हे वाक्य त्यानं लहानपणी इतक्या वेळा ऐकलं होतं, की अजूनही त्याचे कान तापले. तो उत्तर जुळवत होता, तेवढ्यात लक्षात आलं, की भिंगरी दाराशी उभी आहे. दप्तर अजून पाठीवरच.

"माझ्या खुर्चीवर आज दुसरी मुलगी बसली," ती म्हणाली. "सर म्हणाले, तुझ्या घरूनच लिहून आलंय. बाबा, तू दिलंस लिहून?"

"अगं, ते..."

"तुला पण मी ढ वाटते?"

त्यानं नुसतीच 'नाही' अशी मान हलवली. ती वाट बघत थांबली, मग आत गेली. जेवताना तिनं वेढ्यांचा हिशोबही विचारला नाही.

दुसऱ्या दिवशी दुकानाला कुलूप लावून वाइंडर शाळेत गेला. मुख्याध्यापिकेच्या खोलीत गणिताचे सर आणि मदतवर्गाच्या बाई आधीच बसल्या होत्या. भिंगरीलाही वर्गातून बोलावून आणलं. ती बापाशेजारच्या खुर्चीच्या कडेवर बसली, त्याच्याकडे न बघता.

"मी आधीपासून सांगतोय, हे शिक्के नकोतच," सर म्हणाले. "पोरगी गणितात वाघ आहे. वाचेल हळूहळू. एकदा 'अक्षम' लिहिलंत की पुढचा प्रत्येक शिक्षक तिच्याशी चमच्यानं भरवल्यासारखा बोलेल."

"आणि न लिहिता परीक्षेत प्रश्न कोण वाचून दाखवणार तिला?" बाई म्हणाल्या. "शाब्दिक उदाहरणात ती शून्य आणते, सर. उदाहरण येत नाही म्हणून नव्हे, वाचून होत नाही म्हणून. हुशारी दिसते म्हणून अडचण झाकली जाते, आणि अडचण दिसली की हुशारी."

"तुमचं दोघांचंही पटतं मला," मुख्याध्यापिका कपाळ चोळत म्हणाल्या. "पण एका मुलीच्या नावापुढे दोन्ही नोंदी कशा करू? वरून विचारतील, हुशार आहे तर मदत कशाला, आणि मदत लागते तर हुशार कशी." मग त्या वाइंडरकडे वळल्या. "शिवाय संमती तर तुम्हीच दिलीत. वाचूनच दिली असेल ना?"

उत्तराची वाट न बघता त्यांनी खणातून नवा कागद काढला आणि पेनासकट त्याच्यासमोर सरकवला.

"बदलायची असेल तर हा दुसरा अर्ज. दोन्हींची मागणी यात करता येते, मंजुरी मिळेलच असं मी सांगू शकत नाही. अटी खाली दिल्यात. वाचा आणि सही करा."

कागद दोन्ही बाजूंनी भरलेला होता. वाइंडरनं पेन उचललं, पहिली ओळ धरली, ती निसटली. सर घड्याळ बघत होते. मान कधी हलवायची, पान कधी उलटायचं, त्याला सगळं माहीत होतं. भिंगरी आता कागदाकडे बघत होती. तिचे ओठ पहिल्याच शब्दावर अडकले होते, जिथं त्याचे अडकले होते.

त्यानं पेन खाली ठेवलं.

"बाई," तो मुख्याध्यापिकेला म्हणाला, "कालचा कागद मी वाचला नव्हता. अक्षरं हलतात माझ्यापुढे, लहानपणापासून. हा तेवढा मला मोठ्यानं वाचून दाखवा. सावकाश."