तळपायाचं काजळ

गिरणीचा पहिला भोंगा झाला की चाळीतल्या बायका भाकरी फडक्यात बांधायच्या. दुसऱ्याला मुलं काखोटीला मारून गोजरबाईच्या दारात यायच्या. तिसरा व्हायच्या आत त्यांना फाटकातून आत शिरायचं असे. मूल खाली ठेवायचं आणि पळायचं, दोन शब्द बोलायला उसंत नसे.

गोजरबाई मूळची वैरागकडची. नवरा गेल्यावर सोलापुरात आली आणि अकरा वर्षं सूत गुंडाळायच्या खात्यात उभी राहिली. छातीत कापसाची भुकटी बसून खोकला हटेना, तेव्हा काम सुटलं. एकुलती लेक मोहोळला दिलेली होती, पण जावयाच्या दारात म्हातारपण काढायचं नाही हे तिनं मनाशी पक्कं केलं होतं. खोली गिरणीची होती. कामावर नसलेल्या बाईला तिथं राहू दिलं होतं, ते फक्त चाळीतली सहा-सात तान्ही मुलं ती सांभाळत होती म्हणून. मुलामागे आठवड्याला शेरभर जोंधळा मिळे. त्यात तिचं भागत असे.

मुलांना गोळी दिली जाई. बाजरीच्या दाण्याएवढी अफूची गोळी, आईच्या दुधात उगाळलेली. तिला सगळे बाळगोळी म्हणत, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. खोल्यांमधल्या भिंती आढ्यापर्यंत गेलेल्या नव्हत्या. एका खोलीतलं रडणं सगळ्या चाळीत ऐकू येई, आणि रातपाळीहून आलेली माणसं दिवसा तिथंच झोपत. काही बाया गोळी घरीच देऊन येत, काही जणी ते गोजरबाईवर सोपवत. कुणी तेलुगू बोले, कुणी कानडी, आणि सांगायला तर वेळच नाही. म्हणून गोजरबाईनंच एक खूण काढली होती. घरी गोळी दिली असेल तर बाळाच्या डाव्या तळपायाला काजळाचं बोट लावायचं. ती रोज सकाळी मुलं आत घेताना आधी पाय बघायची, मग तोंड. चार वर्षं यात कधी चूक झाली नाही.

सोलापुरात तीस साली लागलेला मार्शल लॉ उठला त्यानंतरच्या हिवाळ्यातली गोष्ट. संक्रांत तोंडावर आली होती. पलीकडच्या बाजूला राहणारी महादेवी, अक्कलकोटकडची कानडी पोर, तिनं आपल्या आठ महिन्यांच्या संगूला घरी गोळी दिली, तळपायाला काजळ लावलं, त्याला गोजरबाईच्या उंबऱ्याशी ठेवलं आणि ती पळाली. गोजरबाई आत दुसऱ्या मुलाची झोळी बांधत होती. तेवढ्यात संगूनं घाण केली.

शेजारच्या खोलीत चिमाबाई राही. ती सांगोल्याकडची, मेंढरांच्या घरातली. लग्नाला पाच वर्षं झाली होती, मूल नव्हतं. रातपाळीहून येणाऱ्या नवऱ्यासाठी, बिरप्पासाठी तिनं पाणी तापवलं होतं. त्यातलंच तांब्याभर घेऊन तिनं संगूला कमरेपासून बोटांपर्यंत धुतलं, पदरानं कोरडं केलं आणि आत नेऊन ठेवलं. गोजरबाईनं पाय बघितले. ते स्वच्छ होते. तिनं गोळी उगाळून दिली.

दुपारपर्यंत पोरानं डोळा उघडला नाही. ओठ जांभळे पडले तेव्हा गोजरबाईनं त्याच्या तोंडावर पाणी मारलं, तळपायावर टिचक्या मारल्या, त्याला खांद्यावर टाकून ती गॅलरीत येरझाऱ्या घालत राहिली. चिमाबाई गिरणीच्या फाटकाशी धावली. दुपारची सुट्टी होईपर्यंत पहारेकऱ्यानं निरोप आत जाऊ दिला नाही. महादेवी आली तेव्हा मुलानं तिच्या मांडीवर दोनदा खोल श्वास घेतल्यासारखं केलं, आणि मग काही नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चाळ खालच्या अंगणात जमली. पहिल्या खोलीतले आण्णा गिरणीत जॉबर, म्हणजे मजूर भरणारे मुकादम, होते. चाळीतलं भांडण त्यांच्यापर्यंत गेलं की तिथंच मिटत असे. बायका आपसात कुजबुजत होत्या की ज्या बाईची कूस उजवली नाही तिनं दुसऱ्याच्या लेकराला हात लावलाच का. चिमाबाई दोन्ही हात पदरात गुंडाळून खांबाला टेकली होती. ती कुणाकडेच बघत नव्हती.

गोजरबाई उठली. तिला खोकला आला, तो थांबेपर्यंत सगळे थांबले.

"पाय धुतलं म्हणून कुणाचं लेकरू मरत न्हाय," ती म्हणाली. "गोळी म्या दिली. खूणबी माजीच."

महादेवी भिंतीकडे तोंड करून बसली होती. ती वळली नाही.

आण्णांनी ठरवलं की यापुढे गोळी आईनंच घरी द्यावी, गोजरबाईनं देऊ नये, म्हणजे घोळ होणार नाही. सगळ्यांना ते पटलं. फक्त गोजरबाईनं मान हलवली नाही. ती म्हणाली, गोळी दिलेलं मूल ती आता घेणारच नाही. तशीच द्यायची असतील तर द्या.

शिवबाई गोजरबाईच्याच जुन्या खात्यातली, दोन मुलांची आई. ती आधी हसली. मग म्हणाली, "मावशी, त्ये मेलं दोनदा दिल्यानं, एकदा दिल्यानं न्हाय. चार वर्सं तुमीच देत हुतासा की. तवा कुटं गेलं हुतं हे ग्यान?"

गोजरबाई खाली बसली.

पहिल्या आठवड्यात दोनच मुलं आली, गोळीशिवाय. सवय झालेली मुलं ती. त्यांचं अंग आवळून येई, नाकं गळत, आणि ती सकाळपासून रडत. तिसऱ्या दिवशी बिरप्पा दारात येऊन उभा राहिला. डोळे लाल, केसांत कापूस.

"मावशी, मी भांडाया आलो न्हाय," तो म्हणाला. "रातभर मशिनीपाशी हुबा असतो. तितं डुलकी लागली अन् हात पट्ट्यात गेला, तर हिला कोण बघंल?"

गोजरबाईनं "व्हय रं बाबा" म्हटलं आणि दोन्ही मुलं काखेत घेऊन चाळीमागच्या लिंबाखाली गेली. तिथं फांदीला झोळ्या बांधल्या. माघ सरता सरता लिंबाची पानं झडली, सावली विरळ झाली, आणि त्या मुलांच्या आयांनी ती रस्त्यापलीकडच्या चाळीतल्या एका म्हातारीकडे नेली. ती गोळी देत असे. शिमग्याला गोजरबाईच्या खोलीत एकही झोळी उरली नव्हती. ती लोकांची दळणं दळू लागली. पीठ उडालं की खोकला चढायचा. आण्णांनी वाईट शब्द वापरला नाही. एवढंच सांगितलं की दिवाळीपर्यंत मुलं परत आली तर ठीक, नाही तर खोली मोकळी करावी लागेल, वरून विचारणा होते.

चिमाबाई कधी कधी समोर बसून जात्याचा खुंटा धरायला येई. खाली अंगणात एखादं मूल रांगत तिच्या पायाशी आलं तर चिमाबाई हात मागे घेई आणि त्याच्या आईला हाक मारी.

संगू गेला तेव्हाच महादेवीला पुन्हा दिवस गेलेले होते. श्रावणात ती माहेरी बाळंत झाली आणि दसऱ्याला मुलगी घेऊन परतली. माहेरी जाईपर्यंत ती गोजरबाईच्या दारावरून रोज गेली होती, पण थांबली कधीच नव्हती. गोजरबाईनं लेकीला मोहोळला निरोप पाठवला होता की दिवाळीच्या आधी येते. भांडी एका पोत्यात भरून ठेवली होती.

एका सकाळी दुसरा भोंगा झाला आणि दारात महादेवी उभी दिसली. ती आत आली, खाली बसली, मुलीला मांडीवर आडवं घेतलं आणि तिचे दोन्ही पाय गोजरबाईपुढे धरले. इवले तळवे, गुलाबी, कुठं काही लावलेलं नाही.

"आक्का, नोड," ती म्हणाली. म्हणजे, बघ. मग तिच्या मोडक्या मराठीत, "काजळ न्हाई. गोळी बी न्हाई. तशीच देतो."

गोजरबाईनं ते पाय हातात घेतले आणि बराच वेळ सोडले नाहीत. तिसरा भोंगा वाजून गेला. महादेवीला आता कुठल्याही क्षणी फाटक बंद होणार होतं, तरी ती उठेना. तिनं शेजारच्या दाराकडे बघून हाक मारली. चिमाबाई उंबऱ्यापर्यंत आली आणि तिथंच थांबली.

"दुपारला हिला न्हाऊ घाल," महादेवी म्हणाली, आणि पळत सुटली.

आई दिसेनाशी झाली तशी मुलगी रडू लागली. गोळी न मिळालेल्या मुलाचं ते भरदार, सणसणीत रडणं, भिंतीवरून पलीकडे, आढ्याखालून सगळ्या चाळीत. गोजरबाई तिला खांद्यावर घेऊन फिरू लागली आणि तिचा कान शेजारच्या खोलीकडे लागला. पलीकडे बिरप्पानं कूस बदलली. खाकरला. मग उठल्याचा आवाज आला. गोजरबाईचे पाय जागीच थांबले.

बिरप्पा दारावरून गेला. काखेत वाकळ होती. आत न बघताच तो जिना उतरला, चाळीमागे गेला. लिंब पुन्हा पानांनी भरगच्च झाला होता. तिथं त्यानं वाकळ अंथरली, डोक्यावरून पटका ओढून घेतला आणि पडला.

दिवाळीपर्यंत आणखी दोघी जणी आपली मुलं तशीच घेऊन आल्या. शिवबाई आली नाही, आणि बाकीच्या बऱ्याच जणी रस्त्यापलीकडेच जात राहिल्या. पण दुपारच्या सुट्टीत आण्णा चाळीत येत, तेव्हा लिंबाखाली झोपलेले रातपाळीचे तीन-चार पुरुष त्यांना दिसत. आण्णांनी खोलीचा विषय काढला नाही. पाडव्याला गोजरबाईनं पोत्यातली भांडी काढून पुन्हा फळीवर लावली.