भाजी म्हणजे कोणती

आमच्या घरात भाजी म्हणजे वांगं, भेंडी, दोडका, बटाटा; पोळीसोबत ताटात पडेल ते. रायपूरच्या बाजारात मात्र भाजी म्हणजे फक्त पाला. लाल भाजी, चेच भाजी, पालक. बाकी सगळी सब्जी. लग्न होऊन नागपूरकडून इथे आले, तेव्हा बाजारात नुसतं "भाजी दो" म्हटलं आणि बाईने माझ्या पिशवीत पाल्याच्या जुड्या कोंबल्या. हाच शब्द पुढे आमच्या ह्यांच्या जिवावर उठेल, असं तेव्हा कोणाला वाटणार?

ह्यांच्या हृदयाची झडप बदलली ती इथेच. पूर्वी असलं काही निघालं की नागपूर गाठावं लागायचं. रायपूर राजधानी झाल्यावर मोठी इस्पितळं दाराशी आली. ऑपरेशन छान झालं. मग रक्त पातळ ठेवायची गोळी मिळाली, जन्मभराची. कमी पडली तर रक्ताची गाठ होणार, जास्त झाली तर रक्तस्राव. रेल्वेत आयुष्य काढलेला माणूस हे ऐकून मुळापासून हादरला. पण कबूल कोण करणार! हे फोन घेऊन बसायला लागले.

फोनवरच्या व्हिडिओंत वैद्यांना काय तोटा? एक म्हणे लसूण खा, दुसरा म्हणे लसणाला हात लावू नका. कोण बोलतोय, कशाच्या जोरावर बोलतोय, काही पत्ता नाही. पांढरा कोट चढवला की झालं. ह्यांचा विश्वास बसला तो इकडच्याच वळणाची हिंदी बोलणाऱ्या एका हसतमुख माणसावर. त्याने सांगितलं, "खून पतला करने की गोली खाते हो, तो भाजी एकदम बंद."

दुसऱ्या दिवशी ह्यांनी ताटातला दोडका बाजूला सारला.

"काहून?" मी विचारलं.

"भाजी बंद सांगितली."

"अहो, तो पाल्याचं बोलून राहिला! इतकी वर्षं इथं राहून तुमाले भाजी समजत नाही?"

"समजते. पण तो भाजी म्हणाला. उगाच रिस्क काहून घ्यायची?"

भ्यालेल्या माणसाला एका शब्दाचे दोन अर्थ दिसले, की तो दोन्ही पाळतो. तेव्हापासून वरण, भात, पापड, दही. मी समजावलं, चिडले, भांडले. पालथ्या घड्यावर पाणी. मुलगा हिंदीत म्हणाला, "मम्मी, रहने दो ना." ह्यांचा चेहरा उतरत चालला आणि माझा जीव तीळ तीळ तुटायचा.

मग एका सकाळी दात घासताना बेसिनमध्ये रक्त दिसलं. दंडावर निळे डाग, कुठे आपटल्याची आठवण नाही. ऑटो करून ह्यांना थेट इस्पितळात नेलं. तपासणीत रक्त नको इतकं पातळ निघालं. उशीर झाला असता तर मेंदूत रक्तस्राव झाला असता, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं आणि ह्यांना ठेवून घेतलं.

"खाने में कुछ बदला?" त्यांनी विचारलं.

"सब्जी, भाजी, सब बंद कर दी," मी म्हटलं.

त्यांनी कपाळाला हात लावला. "गोली आपके रोज के खाने के हिसाब से दी थी. पत्तेवाली भाजी बंद हुई, तो वही गोली भारी पड़ गई. जितनी खाते थे, उतनी ही खाइए. न घटाना, न बढ़ाना."

इतके दिवस मी शब्दावरून भांडत होते. ह्यांनी त्याचा बरोबर अर्थ लावून नुसता पाला सोडला असता, तरी हेच झालं असतं. सल्लाच मुळात चुकीचा होता आणि ते माझ्याही डोक्यात आलं नव्हतं.

इस्पितळातून सोडल्यावर ऑटोत मी सुरू झाले. "डॉक्टरले विचारता येत नव्हतं?"

शंकर नगर मागे पडत होतं. हे बाहेर बघतच म्हणाले, "डॉक्टरच्या दारात लाइन राहते. पोट्ट्याले विचारलं तं तो म्हणते, टेन्शन मत लो पापा. तुले विचारलं तं तू चिडते. फोन चिडत नाही. अन् मले भेव लागून राहिलं होतं."

मला रडूच आलं. उभ्या संसारात भीतीचा शब्द ह्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकला.

आता पानात पालेभाजीची वाटी ठेवली की हे हातातला फोन न सोडता विचारतात, "एवढी चालते ना?" काल विचारलेलं असतं, परवाही विचारलेलं असतं. माझ्या जिभेवर काहीतरी झणझणीत येतं. ते गिळते आणि म्हणते, "चालते. डॉक्टर म्हणाले तेवढीच आहे."

मग हे फोन पालथा ठेवतात आणि जेवायला लागतात.