यादीऐवजी लॉगिनचं पान

“साइट बंद होती, एवढंच सांग.”

“साइट चालू होती, सर. आपली कुकी मेली होती.”

“ते तुला-मला कळतं. बाहेर बसलेल्या बाईला काय कळणार?”

“म्हणून खोटं सांगायचं?”

कुंडलिक सरांनी काचेचं दार ओढून घेतलं. सोलापुरातल्या त्यांच्या प्रवेश केंद्रात झीनत मकदूम तीन वर्षं प्रोग्राम लिहीत होती. टेम्पोवाल्याची लेक, घरातली पहिली पदवीधर. तिचा प्रोग्राम दर तासाला प्रवेशाच्या साइटवर दीडशे मुलांच्या खात्यांत शिरून प्रवेशयादी बघायचा. लॉगिन झालं की साइट कुकी देते, पास दिल्यासारखी. पुढचं प्रत्येक पान मागताना ती दाखवायची. मुदत संपली की पुन्हा लॉगिन, पुन्हा पालकांच्या फोनवर ओटीपी. पालक वैतागतात म्हणून सरांनी फर्मान काढलं होतं, ओटीपी एकदाच मागायचा, जुनी कुकी चालेल तितकी चालवायची. झीनतनं तेव्हा मान डोलावली होती.

सांगोल्याच्या आरोहीची कुकी मंगळवारी संपली, यादी लागली त्याच दिवशी. साइटनं तक्रार केली नाही, यादीऐवजी लॉगिनचं पान पाठवलं. प्रोग्रामनं त्यात आरोहीचं नाव शोधलं, सापडलं नाही, आणि घरी मेसेज गेला : ‘यादीत नाव नाही.’

आज तिची आई बजाबाई पुढच्या फेरीचं विचारायला आली. तिच्या फोनवरचा ओटीपी घेऊन झीनतनं खातं उघडलं, तेव्हा दिसलं. नाव होतं. नर्सिंगची जागा. हजर व्हायची मुदत काल संपली.

सर म्हणत होते, दीडशे घरांत एक चुकलं, त्याचा एवढा तमाशा नको.

“पान आलं का, एवढंच तपासलं मी,” झीनत म्हणाली. “कुठलं आलं, ते नाही. ती चूक माझी. फर्मान तुमचं.”

बाहेर बजाबाई मांडीवर पिशवी घेऊन बसली होती. सरांसाठी आणलेली डाळिंबं. झीनतनं उभ्यानंच सगळं सांगितलं.

“म्हंजी नाव हुतं?”

“होतं, मावशी.”

“चार दिस झालं, पोरगी नीट जेवली न्हाय. मीच म्हनलं तिला, तुजाच अब्यास कमी पडला.”

झीनत कामाचंच बोलली. “अजून एक फेरी आहे. अर्ज मी स्वतः भरते. फक्त आणखी एकदा ओटीपी लागेल. फोन देता?”

बजाबाईनं हातातला फोन डाळिंबांखाली सारला, पिशवी उचलली आणि जिना उतरून गेली.